माफी गुन्हेगाराला असते, राष्ट्राध्यक्ष महोदय
(नायजेरियाचे राष्ट्राध्यक्ष बोला अहमद टिनुबू यांना खुले पत्र)

माननीय राष्ट्राध्यक्ष महोदय,



१२ जून २०२५ रोजी, आपल्या देशाच्या लोकशाही दिनी, संसदेच्या संयुक्त बैठकीत आपण केन सारो-विवा आणि त्यांच्याबरोबर फासावर गेलेल्या आठ ओगोनी माणसांना मरणोत्तर राष्ट्रीय सन्मान जाहीर केलेत. त्याच भाषणात आपण त्यांना राष्ट्रवीर म्हणालात आणि संपूर्ण माफी देत असल्याचेही सांगितलेत. तीस वर्षांत आपल्या आधीच्या एकाही राष्ट्राध्यक्षांनी एवढे पाऊल उचलले नव्हते. त्याबद्दल आपले मनापासून आभार मानतो आणि मग मुद्द्याला हात घालतो.

वीर आणि माफी हे दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला कसे येतील? माफी गुन्हेगाराला असते. गुन्हा घडला, तो याच माणसाने केला, आणि आता राज्य उदार होऊन शिक्षा सोडून देत आहे, एवढाच माफीचा अर्थ. १९९५ सालचा तो निकाल त्यामुळे जिथल्या तिथे राहिला. सरकारी दप्तरात ते नऊ जण खुनातले दोषी होते आणि आजही आहेत, फक्त आता माफ केलेले दोषी. ओगोनी कार्यकर्त्यांनी आणि ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने हे आपल्याला लगेच सांगितले. मीही तेच सांगायला हे पत्र लिहीत आहे, आणि त्याला आणखी दोन गोष्टी जोडत आहे. तो निकाल रद्द करा. ओगोनीच्या विहिरींचे पाणी माणसांना पिण्याजोगे करा. आणि ही दोन्ही कामे पुरी होईपर्यंत तिथल्या जमिनीखालच्या तेलाचा विषय काढू नका.

त्या नऊ जणांची नावे इथे लिहितो, कारण जगाने एकच नाव लक्षात ठेवले आहे. केन सारो-विवा, बॅरिनेम किओबेल, जॉन क्पुइनेन, बॅरिबोर बेरा, सॅटर्डे डोबी, नॉर्डू ईआवो, डॅनियल ग्बोकू, पॉल लेव्हेरा, फेलिक्स नुआते. यांतले किओबेल तर रिव्हर्स राज्याच्या लष्करी सरकारात मंत्रिपदाच्या बरोबरीचे पद सांभाळत होते. १० नोव्हेंबर १९९५ रोजी पोर्ट हारकोर्टच्या तुरुंगात या नऊ जणांना फाशी दिली गेली. प्रेते घरच्यांच्या ताब्यात दिली नाहीत. त्यांना बेनाम पुरले.

हे पत्र मराठीत आहे आणि ते वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी ओगोनीचे नाव ऐकलेले नसेल, म्हणून आपल्याला पाठ असलेला इतिहासही थोडा मांडावा लागेल.

नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात जेमतेम हजार चौरस किलोमीटरचा हा मुलूख, आमच्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढा. कसावा आणि कंदमुळे पिकवायची, खाडीत मासे धरायचे, खारफुटीत खेकडे आणि शिंपले वेचायचे, यावर तिथली सुमारे पाच लाख माणसे जगत होती. १९५८ मध्ये के-डेरे गावाजवळ तेल लागले. देश स्वतंत्र व्हायला तेव्हा अजून दोन वर्षे होती. पुढची पस्तीस वर्षे गावांच्या अंगणातून आणि शेतांतून तेलवाहिन्या गेल्या. तेलाबरोबर वर येणारा वायू घरांपासून हाकेच्या अंतरावर रात्रंदिवस जाळला गेला. वाहिन्या गळल्या, फुटल्या, आणि तेल खाडीत उतरले. गावात मात्र ना धड वीज आली, ना नळाचे पाणी.

हे केवळ एका कंपनीच्या बेफिकिरीने झाले नाही. तेलावर पोसलेली हुकूमशाही कशी उभी राहते याचा तो धडा आहे, आणि त्याची कागदपत्रे आपल्याच देशाच्या राजपत्रात आहेत. १९६९ मध्ये लष्करी सरकारने वटहुकूम काढला आणि जमिनीखालचे सगळे तेल केंद्र सरकारच्या मालकीचे झाले. १९७८ मध्ये दुसऱ्या लष्करी सरकारने दुसरा वटहुकूम काढला आणि जमिनीचा ताबा त्या त्या राज्याच्या गव्हर्नरच्या हाती गेला. स्वातंत्र्याच्या वेळी ज्या भागातून खनिज निघे त्या भागाला उत्पन्नाचा निम्मा वाटा मिळत असे. १९८० च्या दशकात तो दीड टक्क्यावर आला. म्हणजे जमीन गेली, तेल गेले आणि पैसाही गेला. उरले ते प्रदूषण.

देशाच्या निर्यातीतले नव्वद टक्क्यांहून अधिक उत्पन्न एकट्या तेलातून येऊ लागले की राज्यकर्त्याला शेतकऱ्याच्या, कोळ्याच्या, छोट्या व्यापाऱ्याच्या कराची गरज उरत नाही. कराची गरज नसली की संमतीचीही उरत नाही. मर्जी राखायची ती फक्त तेल उपसणाऱ्याची आणि बंदूक धरणाऱ्याची. अशा राज्यात तेलाच्या जमिनीवर राहणारा माणूस नागरिक राहत नाही, तो कामातला अडथळा होतो. तो गप्प असेपर्यंत त्याच्याकडे दुर्लक्ष होते. तोंड उघडले की तो देशद्रोही ठरतो.

ओगोनींनी १९९० मध्ये तोंड उघडले. त्यांनी आपल्या हक्कांची सनद तयार करून सरकारला दिली. आपल्या भागाचा कारभार आपल्या हाती असावा, तेलाच्या उत्पन्नात रास्त वाटा मिळावा, आपल्या भाषा टिकाव्यात आणि आपली जमीन-पाणी वाचावे, एवढेच त्यात होते. वेगळा देश त्यांनी मागितला नव्हता. मोसोप या त्यांच्या संघटनेचा आवाज होते केन सारो-विवा. घराघरांत पाहिल्या जाणाऱ्या दूरचित्रवाणी मालिकेचे लेखक, ‘सोझाबॉय’ या कादंबरीचे कर्ते, प्रकाशक, व्यावसायिक. सुखात राहता येईल असे सगळे त्यांच्याजवळ होते. ते सोडून ते गावोगाव फिरू लागले.

४ जानेवारी १९९३ रोजी सुमारे तीन लाख ओगोनी रस्त्यावर उतरले. पाच लाखांच्या लोकसंख्येतले तीन लाख. म्हातारी माणसे होती, पोरे कडेवर घेतलेल्या बाया होत्या, हातांत हिरव्या डहाळ्या होत्या. एकही दगड फेकला गेला नाही. त्याच वर्षी तिथे तेल काढणाऱ्या शेल कंपनीने ओगोनीतले उत्पादन थांबवले. निःशस्त्र लोकांनी एका बलाढ्य तेल कंपनीचे काम बंद पाडले, ही गोष्ट लष्कराने कधी विसरली नाही. एप्रिलमध्ये बियारा गावाजवळ नवी वाहिनी टाकताना उभ्या पिकावर बुलडोझर फिरला. विरोध करणाऱ्यांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि एका बाईला आपला हात गमवावा लागला. पुढे खेडी जाळली गेली. १२ मे १९९४ च्या, नंतर उजेडात आलेल्या एका सरकारी टिपणात, रिव्हर्स राज्याच्या अंतर्गत सुरक्षा दलाच्या प्रमुखाने लिहिले होते की निर्दय लष्करी कारवाई केल्याशिवाय शेलचे काम पुन्हा सुरू होणे अशक्य आहे.

त्यानंतर नऊच दिवसांनी, २१ मे रोजी, गिओकू येथे जमावाने चार ओगोनी पुढाऱ्यांना ठार मारले. एडवर्ड कोबानी, अल्बर्ट बाडे, सॅम्युएल ओराज आणि थिओफिलस ओराज. ही नावेही मी मुद्दाम लिहितो आहे. त्यांचा मृत्यू भयंकर होता आणि त्यांच्या कुटुंबांचे दुःख कोणत्याही चळवळीच्या घोषणांखाली झाकले जाऊ नये. सप्टेंबर २०२५ मध्ये आपण या चौघांनाही मरणोत्तर सन्मान दिलात, हे योग्यच केलेत.

पण त्यांच्या खुन्यांचा शोध कधी लागलाच नाही. सारो-विवांना त्या दिवशी लष्कराच्या नाक्यावरूनच परत पाठवले होते, ते गिओकूला पोहोचलेच नव्हते. तरी दुसऱ्या दिवशी त्यांना उचलले आणि कित्येक महिने आरोपपत्राशिवाय कोठडीत ठेवले. खटल्यासाठी खास न्यायाधिकरण नेमले. त्यात एक सदस्य गणवेशातला लष्करी अधिकारी होता आणि निकालावर वरच्या न्यायालयात अपील करायची सोयच नव्हती. फिर्यादी पक्षाच्या दोन साक्षीदारांनी प्रतिज्ञापत्रे करून सांगितले की खोटी साक्ष देण्यासाठी आपल्याला पैसे आणि नोकरीचे आमिष दाखवले गेले. गनी फवेहिन्मी यांच्यासारख्या नामांकित वकिलाने खटल्याचा हा रागरंग पाहून निषेधादाखल आरोपींचे वकीलपत्र सोडले. ब्रिटिश वकील मायकेल बर्नबॉम यांनी खटल्याचे निरीक्षण करून तो अन्याय्य असल्याचा सविस्तर अहवाल दिला. ऑक्टोबरच्या अखेरीस फाशीची शिक्षा सुनावली गेली, ८ नोव्हेंबरला सत्ताधारी लष्करी मंडळाने ती कायम केली आणि १० तारखेला अंमल झाला. ऑकलंडला राष्ट्रकुल परिषद भरलेली असताना. दुसऱ्या दिवशी राष्ट्रकुलाने नायजेरियाचे सदस्यत्व निलंबित केले.

चोर सोडून संन्याशाला सुळी, असे आमच्याकडे म्हणतात. या निकालाने दोन अन्याय केले. नऊ निरपराध माणसे मारली, आणि चार खून झालेल्यांच्या घरच्यांना खोटा न्याय देऊन खऱ्याचा रस्ता बंद केला. म्हणून निकाल रद्द करणे म्हणजे एका बाजूची भलावण करणे नव्हे. तेरा कुटुंबांपैकी एकालाही न्याय मिळालेला नाही, हे राज्याने मान्य करणे आहे.

कोठडीतल्या त्या दिवसांचा एक पुरावा आज आयर्लंडमध्ये मेनूथ विद्यापीठात जपून ठेवला आहे. सारो-विवांनी मजेला मॅकॅरन या आयरिश जोगिणीला लिहिलेली पत्रे आणि कविता. पावाच्या टोपल्यांत लपवून ती पहाऱ्यातून बाहेर काढली जात. आत जेवण जायचे आणि रिकाम्या टोपलीबरोबर कागद बाहेर यायचे. फाशीची टांगती तलवार डोक्यावर असताना हा माणूस संघटनेच्या कामाची, मुलांची आणि लिहून झालेल्या पानांची काळजी करत होता. मॅकॅरनबाईंनी तो ठेवा विद्यापीठाला दिला आणि २०१३ मध्ये त्याचे पुस्तक झाले. महोदय, ते पुस्तक आपल्या कार्यालयात मागवा आणि न्यायाधिकरणाच्या निकालपत्राशेजारी ठेवून वाचा.

आता आपल्याविषयी. या नऊ जणांना फाशी देणारे लष्करशहा जनरल सानी अबाचा यांचा काळ आपण पुस्तकात वाचलेला नाही, अंगावर घेतला आहे. १९९२ मध्ये आपण सेनेटवर निवडून आलात. १२ जून १९९३ ची निवडणूक लष्कराने रद्द केली तेव्हा आपण त्या जनादेशाच्या बाजूने उभे राहिलात. अबाचांनी सत्ता बळकावल्यावर लोकशाहीवाद्यांच्या आघाडीत काम केलेत आणि १९९४ मध्ये देश सोडून परागंदा झालात. १९९८ मध्ये अबाचा मेले तेव्हाच आपल्याला परतता आले. त्या राजवटीची न्यायालये काय होती हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. आपण तिच्या हाती लागला असता तर आपल्यावरही असाच कागद तयार झाला असता, आणि आज कुणी तरी आपल्या मुलांना सांगत असते की तुमच्या वडिलांना सरकारने माफ केले आहे. त्या मुलांना ते पुरले असते का?

कदाचित आपले कायदेतज्ज्ञ सांगतील की दोषमुक्ती न्यायालयाच्या अखत्यारीतली आहे आणि राष्ट्राध्यक्षांच्या हाती फक्त माफी आहे. हे अर्धे खरे आहे. ज्या न्यायाधिकरणाच्या निकालावर अपीलच ठेवले नव्हते, त्याच्याविरुद्ध कुटुंबांनी आज कुठल्या दारात जायचे? लष्करी वटहुकुमाने जे न्यायाधिकरण निर्माण झाले, त्याचा निकाल लोकनियुक्त संसद कायद्याने निष्प्रभ करू शकते. असे विधेयक सरकारतर्फे मांडणे पूर्णपणे आपल्या हातात आहे.

आणि यासाठी बाहेरच्या कुणाचे मत आधाराला घ्यायची गरज नाही. आफ्रिकेच्या स्वतःच्या मानवी हक्क आयोगाने १९९८ मध्ये निर्णय दिला आहे की या खटल्यात नायजेरियाने न्याय्य सुनावणीचा आणि जगण्याचाही हक्क मोडला. याच आयोगाने २००१ मध्ये आणखी एक निर्णय दिला. ओगोनीत जे झाले त्याने निरोगी पर्यावरणाचा, आरोग्याचा आणि स्वतःच्या नैसर्गिक संपत्तीवरचा लोकांचा हक्क पायदळी तुडवला गेला, आणि त्याला नायजेरियाचे सरकार जबाबदार आहे. जगभरातल्या पर्यावरण हक्कांच्या कायद्यात हा निर्णय आज पायाभूत मानला जातो. पण ज्यांच्यासाठी तो दिला गेला, त्यांच्या विहिरींपर्यंत तो पोहोचलेला नाही.

त्या विहिरींकडेच वळतो. २०११ च्या ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ओगोनीची पाहणी प्रसिद्ध केली. दोनशेहून अधिक जागा तपासल्या होत्या, माती-पाण्याचे हजारो नमुने घेतले होते. निसिसिओकेन ओगाले या वस्तीत लोक ज्या विहिरींचे पाणी पीत होते, त्यात बेंझिनचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून जास्त होते. बेंझिनने कर्करोग होतो. तिथल्या भूजलावर शुद्ध केलेल्या तेलाचा आठ सेंटिमीटर जाड तवंग आढळला. ही जागा आपल्या सरकारी तेल महामंडळाच्या वाहिनीला लागून आहे. म्हणजे इथे परदेशी कंपनीकडे बोट दाखवून सुटता येत नाही. त्या वस्तीतल्या आईने सकाळी उठून हंडा भरायचा, पाण्याला रॉकेलसारखा वास येतो हे तिला कळायचे, आणि दुसरे पाणी नसल्याने तेच पोरांना द्यायचे. शुद्धीकरणाला पंचवीस ते तीस वर्षे लागतील आणि पहिल्या पाच वर्षांसाठी एक अब्ज डॉलरचा निधी लागेल, असे त्या अहवालात म्हटले होते. पिण्याचे पाणी मात्र ताबडतोब द्या, असेही.

त्यानंतर शुद्धीकरणासाठी हायप्रेप ही सरकारी संस्था निघाली, २०१६ मध्ये बोडो येथे मोठ्या समारंभाने कामाचा नारळ फुटला, काही जागा साफ झाल्या, काही गावांत पाण्याच्या योजनाही आल्या. जे झाले ते नाकारण्यात अर्थ नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ओगोनीसाठी पर्यावरण व तंत्रज्ञान विद्यापीठाच्या कायद्यावर आपण सही केलीत, त्याचेही स्वागत. पण पाहणी अहवाल येऊन दीड दशकाचा काळ लोटत आला. त्या साली जन्मलेले पोर आज शाळा संपवायच्या वयाचे आहे. पाणी ताबडतोब हवे होते.

दरम्यान ओगोनींना न्यायासाठी परमुलखाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. २००९ मध्ये अमेरिकेतल्या दाव्यात शेलने सारो-विवा आणि इतरांच्या कुटुंबीयांशी १.५५ कोटी डॉलरवर तडजोड केली, कोणतीही चूक कबूल न करता. २००८ आणि २००९ च्या गळतींत बोडोची खाडी मेली, तेव्हा गावकरी लंडनच्या न्यायालयात गेले आणि २०१५ मध्ये साडेपाच कोटी पौंडांवर तडजोड झाली. गोई गावच्या शेतकऱ्यांना शेलविरुद्ध हेगच्या न्यायालयातून २०२१ मध्ये निकाल मिळाला. दावा लावला २००८ मध्ये. तेरा वर्षांत काही फिर्यादी देवाघरी गेले. बॅरिनेम किओबेल यांच्या पत्नी एस्थर यांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत आणि मग हेगपर्यंत लढा दिला आणि दोन्हीकडून रिकाम्या हातांनी परतल्या. स्वतःच्या नवऱ्याचे नाव धुऊन काढण्यासाठी एका नायजेरियन बाईला दोन खंडांत वणवण करावी लागली. न्यायाचे हे दार तिला आपल्या राजधानीत, अबुजात उघडायला हवे होते.

अशा परिस्थितीत तेल पुन्हा काढण्याची बोलणी चालू आहेत. जानेवारी २०२५ मध्ये आपण ओगोनी प्रतिनिधींना भेटलात आणि राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांकडे संवादाचे काम सोपवलेत. मार्च २०२५ मध्ये शेलने जमिनीवरचा आपला तेल उत्पादनाचा कारभार रेनेसान्स या समूहाला विकून काढता पाय घेतला. आपल्यापुढची अडचण मला कळते. वीस कोटींहून मोठा देश, महागाई, कर्ज, आणि खजिना अजूनही तेलावर टेकलेला. ओगोनीतले काही लोकही उत्पादन सुरू व्हावे म्हणतात. त्यांना नोकऱ्या हव्या आहेत आणि त्यात गैर काही नाही. चोरून तेल काढून गावठी भट्ट्यांवर ते शुद्ध करणारे लोकही खाड्या नासवत आहेत, हेही खरे. पण तो धंदा रोजगार बुडालेल्या गावांतच फोफावला.

तरीही क्रम महत्त्वाचा आहे. माफी, सन्मान आणि तेलाची बोलणी हे सगळे एकाच वर्षात घडले की लोकांना तो सौदा वाटतो. फाशी गेलेल्यांची नावे तेलविहिरीच्या परवान्याला शिक्का म्हणून वापरली जात आहेत, असा संशय ओगोनीत बोलून दाखवला जातो. तो खोटा आहे असे आपले म्हणणे असेल, तर ते क्रमानेच सिद्ध करता येईल. आणि संवादाचे काम सुरक्षा सल्लागाराकडे देण्याने काय संदेश जातो? ज्या भूमीत एकेकाळी सुरक्षा दलानेच तेलासाठी कारवाईची भाषा केली, तिथे संमतीची चर्चा सुरक्षा खात्याच्या छत्राखाली व्हायला नको. नको म्हणायची मुभा ज्यात नाही, ती संमती नव्हे.

मी कोण आणि मला याचे काय, असे आपले अधिकारी विचारतील. मी महाराष्ट्रात राहून मराठीत लिहिणारा माणूस. भारत हा गेली अनेक वर्षे नायजेरियाच्या कच्च्या तेलाच्या मोठ्या ग्राहकांपैकी एक आहे. आमच्या शुद्धीकरण कारखान्यांत ते तेल आले, त्यावर आमची वाहने धावली. तेव्हा आम्ही दूरचे प्रेक्षक नाही, गिऱ्हाईक आहोत. घेतलेल्या मालाची किंमत दुसऱ्या कुणी आपल्या विहिरीने आणि आपल्या माणसांनी चुकवली असेल, तर त्याबद्दल बोलणे हे गिऱ्हाइकाचे कर्तव्य आहे. ‘तिथल्या अंतर्गत बाबी’ म्हणून मान वळवणे हुकूमशहांना नेहमीच सोयीचे पडत आले आहे. आजही तेल आणि वायूवर चालणाऱ्या अनेक राजवटींत पाण्याचे नमुने घेणारे, तेलाच्या पैशांचा हिशेब मागणारे आणि त्यावर लिहिणारे तुरुंगात जातात. त्यांचे तुरुंगाधिकारी आपल्याकडे बघत आहेत. नायजेरियाने एक खोटा निकाल मोकळेपणाने फाडून टाकला, तर त्या प्रत्येक कैद्याच्या वकिलाच्या हाती एक दाखला येईल.

म्हणून महोदय, आपल्याकडे माझी मागणी अशी आहे. १९९५ चा तो निकाल आणि शिक्षा मुळातूनच अवैध होती असे जाहीर करणारे विधेयक संसदेत मांडा. न्यायाधिकरणाची सगळी कागदपत्रे आणि लष्करी मंडळाच्या त्या बैठकीचे इतिवृत्त खुले करा. गिओकूच्या चार खुनांची स्वतंत्र न्यायालयीन चौकशी करा, म्हणजे त्या चार घरांनाही सत्य कळेल. राज्यातर्फे तेराही कुटुंबांची माफी मागा. माफी मागायची आहे ती सरकारने.

पाहणीत ज्या ज्या वस्त्यांचे पाणी दूषित आढळले, तिथे पिण्याच्या पाण्याची कायमची सोय करा आणि त्या पाण्याच्या तपासणीचे आकडे दर महिन्याला गावाच्या चावडीवर, गावच्या भाषेत लावा. तपासणी सरकारने नेमलेल्या माणसांबरोबर गावाने निवडलेल्या माणसांनीही करावी. तेलाविषयीची बोलणी त्यानंतर, सुरक्षा खात्याबाहेर, आणि नकार मिळाला तर तो मानण्याच्या लेखी हमीवर सुरू करा.

एक लहान काम तर उद्याच करता येईल. सोकारी डग्लस कॅम्प या आपल्याच भूमीत जन्मलेल्या शिल्पकर्तीने सारो-विवांच्या स्मरणार्थ पोलादी बस घडवली. तिच्या टपावर तेलाची पिंपे आहेत आणि त्यांवर फाशी गेलेल्यांची नावे. २०१५ मध्ये ती लंडनहून ओगोनीला भेट म्हणून पाठवली, आणि लागोसच्या बंदरात सीमाशुल्क खात्याने अडवली. त्या खात्याचे तेव्हाचे प्रमुख हमीद अली हे १९९५ च्या न्यायाधिकरणावरचे लष्करी सदस्य होते. दहा वर्षे उलटून गेली तरी तिच्या सुटकेची मागणी ओगोनींना करावी लागते आहे. ज्यांना आपण राष्ट्रवीर म्हटलेत, त्यांचे स्मारक आपल्याच गोदामात जप्त का? त्यासाठी विधेयक लागत नाही, समिती लागत नाही. आपल्या सहीचा एक कागद पुरेल.

बाकीच्या कामांना वेळ लागेल. आपल्या कारकिर्दीची मुदत मे २०२७ पर्यंत आहे. तीस वर्षे चुकीचा राहिलेला निकाल पुसणारा कायदा करायला तेवढे दिवस भरपूर आहेत. परागंदा होऊन ज्या राजवटीशी आपण लढलात, तिचा सर्वांत काळा कागद आपल्या दप्तरात वैध ठेवून आपण पायउतार होऊ नये, हीच विनंती.

आपला,
महाराष्ट्रातील एक लेखक